इन्शिराहची नजर

इन्शिराहला भेटायला जाताना नव्या चपला घालून जाऊ नये, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. ती आधी चपलांकडे बघायची, मग तुमच्याकडे, मग पुन्हा चपलांकडे, आणि म्हणायची, "छान आहेत हं. टिकतील का?" आठवड्याभरात पट्टा तुटला की लोक एकमेकांना खुणा करायचे. अलेक्झांड्रियात मिळणाऱ्या निम्म्या चपलांचा पट्टा तसाही आठवड्याभरात तुटतो, पण हे कोण ऐकून घेतो?

मी नाहिद. विद्यापीठाच्या विज्ञान विभागात, तिच्याच खोलीत, खिडकीकडच्या टेबलाशी, माझी उमर गेली. क्ष-किरणांचं जुनं यंत्र माझ्या ताब्यात आहे. त्याचा एक भाग परदेशातून यायचा आहे, आणि तो यायचाच आहे. तेव्हा माझ्याकडे बघायला वेळ भरपूर असतो, आणि मी सगळ्यात जास्त बघितलं ते इन्शिराहला.

तिला कशाचा हेवा वाटत नसे ते विचारा. बहिणीच्या सुनेच्या इमारतीला लिफ्ट आहे, याचा वाटायचा. समोरच्या घरातल्या लिंबाच्या झाडाला जास्त लिंबं लागतात, याचा वाटायचा. ट्राममध्ये समुद्राकडची जागा पटकावणाऱ्या अनोळखी बाईचासुद्धा वाटायचा, आणि ती बाई उतरली तरी वाटतच राहायचा. ती लपवत नसे, हे मात्र तिचं वेगळेपण. "मला हेवा वाटतो, नाहिद," ती छातीवर बोट ठेवून सांगायची, "अगदी इथे. लोकांना भूक लागते ना, तसा मला तो लागतो. जेवले तरी जात नाही." तिच्या नावाचा अर्थ आमच्याकडे मन मोकळं होणं असा आहे. तिच्या बापाने फार आशेने ते ठेवलं असणार.

बाप दमनहूरजवळच्या एका खेड्यातला, कालव्याच्या पाण्यात उभा राहून भाताची रोपं लावणारा. त्या पाण्यातल्या गोगलगायींतून बिलहार्झियाचा जंत माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि मग वर्षानुवर्षं रक्तात घर करून राहतो. त्याची अंडी यकृतात अडकतात, यकृत दगडासारखं होतं. इन्शिराह शाळेत असताना बापाचं पोट फुगत गेलं, हातपाय काटक्यांसारखे झाले, आणि एका रमजानात तो गेला. शेजारच्या शेतातला माणूस त्याच पाण्यात उभा राहायचा, तो मात्र नव्वदीपर्यंत जगला. इन्शिराहचा पहिला हेवा मला वाटतं तो होता. ती त्या म्हाताऱ्याच्या मयतीलाही गेली नाही.

मग तिने आयुष्यभरासाठी त्या जंतालाच धरलं. त्याचं एक प्रथिन तिने निवडलं. आपलं रक्त त्या जंतावर विषारी मारा करत असतं आणि हे प्रथिन तो मारा निकामी करतं. ते बंद पाडलं तर जंत रक्तात टिकणार नाही. पण बंद पाडायचं म्हणजे आधी त्याचा आकार कळला पाहिजे, आणि तो कुणालाच माहीत नव्हता.

आमची झाडूपोछा करणारी उम्म बदावी एकदा फडकं हातात धरून तिच्यासमोर ठाण मांडून बसली. "ए पोरी, सगळे प्रथिन प्रथिन करता. म्हणजे मांसच ना?"

"मांसात असतं, मसुरीत असतं, तुझ्या केसातही असतं," इन्शिराह म्हणाली. "पण ते खाण्याचं झालं. जिवंत पेशीत सगळी कामं तेच करतं. हवा वाहून नेणं, अन्न फोडणं, दार उघडणं, दार लावणं."

"आणि त्याला करतं कोण?"

"पेशीतच एक बारीकसं यंत्र असतं. ते जनुकातली आज्ञा वाचतं आणि एकामागून एक मणी ओवत जातं. मणी वीस जातींचे. माळ ओवून झाली की ती आपली आपण गोळा होते. तेलकट मण्यांना पाणी सोसत नाही, ते आत दडतात. ज्यांना पाणी आवडतं ते बाहेर राहतात. कुठे पीळ पडतो, कुठे पट्ट्या शेजारी शेजारी बसतात, आणि शेवटी एक ठरलेला आकार होतो."

"आपली आपण? कुणी न सांगता?"

"मण्यांचा क्रमच सांगतो."

"आणि घडी चुकली तर?"

"तर ते काही कामाचं नाही. पेशी त्याचे तुकडे करते आणि मणी परत वापरते."

"म्हणजे माझ्या सुनेपेक्षा पेशी शहाणी," उम्म बदावी म्हणाली. "ती चादरीची घडी चुकवते आणि तशीच कपाटात कोंबते."

इन्शिराह हसली, आणि खुर्ची पुढे ओढून तिने जे सांगितलं ते मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, तरी ऐकत राहिले. "आणि गंमत बघ. माळेच्या या टोकाचा मणी आणि पार त्या टोकाचा मणी घडीत शेजारी येतात. त्यांच्यामध्ये एक खोबण होते. प्रथिनाचं काम त्या खोबणीत चालतं. ती खोबण मला एकदा दिसली ना, तर तिला बूच कसं मारायचं ते औषधवाले बघतील."

"मार बाई लवकर. माझ्या दिराचं पोटही तसंच फुगलंय."

पण खोबण दिसणार कशी? सूक्ष्मदर्शकाखाली प्रथिन दिसत नाही, इतकं ते बारीक. त्यासाठी त्याचा स्फटिक लागतो. अब्जावधी रेणू एकाच दिशेला तोंड करून ओळीने उभे राहिले की त्यांच्यावर क्ष-किरण टाकायचे आणि विखुरलेल्या ठिपक्यांवरून आकार काढायचा. प्रथिनांना ओळीत उभं करणं हे आमच्या लोकांना ट्रामच्या थांब्यावर ओळीत उभं करण्याहून अवघड आहे. खारट पाण्यावर प्रथिनाचा थेंब टांगून ठेवायचा, पाणी हळूहळू ओढलं जातं, थेंब दाट होतो, आणि मग देवाच्या मनात असेल तर स्फटिक धरतो. बहुतेक वेळा देवाच्या मनात तपकिरी गाळ असतो.

इन्शिराहला वर्षानुवर्षं गाळच मिळत आला. जंताचं जनुक जिवाणूंच्या पोटात घालून त्यांच्याकडून ते प्रथिन करवून घ्यायचं, जिवाणू बर्फात फोडायचे, त्या लगद्यातून नेमकं तेवढंच वेगळं काढायचं, यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. तिचं प्रथिन पाण्यासारखं नितळ असे. मलाच तिच्या हातांचा हेवा वाटायचा, आणि हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण तिला फार आनंद झाला असता. पण नितळ प्रथिन थेंबात टांगलं की गाळ.

अशात शाहिनाझ आली. मन्सूराची, परदेशातून शिकून आलेली, हसली की दोन्ही गालांवर खळ्या पडणारी. खळ्यांचाही इन्शिराहला हेवा वाटला, ते तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. आमचे विभागप्रमुख डॉक्टर गलाल म्हणाले, "इन्शिराह, प्रथिन तू काढतेस तसं कुणी काढत नाही. पण स्फटिक तुझ्याकडून होत नाहीत. यापुढे निम्मं शाहिनाझला देत जा. दोघी थेंब लावा. जिला स्फटिक मिळेल ती स्फटिकांचा डबा घेऊन जॉर्डनला जाईल." जॉर्डनला क्ष-किरणांचं मोठं यंत्र आहे. तिथे आमच्या विभागाला कधी नव्हे ते एका माणसापुरती वेळ मिळाली होती. एकच जागा होती.

इन्शिराहने निम्मं प्रथिन दिलं. मोजनळी डोळ्यांसमोर धरून अगदी तंतोतंत दिलं, कमी नाही की जास्त नाही. "माझ्या हाताने देतेय," ती मला म्हणाली, "स्वतःचं पोर कुणाच्या ओटीत घालावं तसं वाटतंय. आणि हिला मिळालं ना नाहिद, तर मी मरेन."

शाहिनाझच्या कानावर चपलांच्या गोष्टी आल्या होत्याच. पहिल्या आठवड्यात तिने आपल्या थेंबांच्या पेट्यांवर चकाकता कागद गुंडाळला. दुसऱ्या आठवड्यात तिच्या सासूने मन्सूराहून तुरटीची पुरचुंडी पाठवली. आमच्याकडे दृष्टीवर तुरटीसारखा उपाय नाही. घरोघरी ती जाळतात आणि फुटलेल्या खड्यात नजर लावणाऱ्याचा चेहरा शोधतात. शाहिनाझने ती जाळली नाही, प्रयोगशाळेत धूर चालत नाही एवढं शिक्षण तिचं झालं होतं. तिने पुरचुंडी आपल्या खारट पाण्याच्या मोठ्या बाटलीच्या गळ्यात बांधली. डॉक्टर गलालांच्याही ते नजरेस पडलं. काढ म्हणणार तरी कसे, त्यांच्या स्वतःच्या गाडीत दृष्टीचा निळा मणी लोंबतो.

इन्शिराह बाटलीसमोर उभी राहिली. "हे कुणासाठी गं?"

शाहिनाझ लाल झाली. "सासूबाईंनी दिलंय, दोक्तोरा. कुणासाठी असं काही नाही." दोक्तोरा म्हणजे आमच्याकडे डॉक्टर बाई.

"माझ्यासाठीच आहे. मग जरा मोठी बांधायची होतीस. एवढीशी मला पुरणार नाही."

सगळे हसले, इन्शिराहही हसली, आणि जेवणाच्या सुटीत तिने नुसता चहा घेतला.

आणि मग एका सकाळी शाहिनाझ सूक्ष्मदर्शकाशी किंचाळली. आम्ही धावलो. थेंबात स्फटिक होते. नुसते होते म्हणजे काय, झळकत होते! आठ पैलूंचे, टोकदार, अंगठीत बसवावेत असे. डॉक्टर गलालांनी ध्रुवित उजेडाची तबकडी फिरवून बघितली. कसला क्षार असला तर त्या उजेडात बहुधा रंग फुटतात. इथे रंग फुटले नाहीत. त्यांनी टाळी वाजवली. उम्म बदावीने जीभ वळवून असा लांबलचक आनंदाचा आवाज काढला की खालच्या मजल्यावरचे रसायनवाले वर आले. कुणीतरी बसबूसा, आमची रव्याची मिठाई, आणायला पळालं.

"इन्शिराह, ये, बघ!" डॉक्टर गलालांनी हाक मारली. शाहिनाझचा हात आपोआप पेटीवर गेला.

इन्शिराहने बघितलं. बराच वेळ बघितलं. सगळे एका शब्दाची वाट बघत होते. कुणाचं चांगलं बघितलं की 'माशाल्ला' म्हणायचं, म्हणजे नजर लागत नाही, हे आमच्याकडे पोरंही शिकलेली असतात. ती उठली, म्हणाली, "फारच सुरेख आहेत," आणि खोलीबाहेर गेली. तो शब्द तिने म्हटला नाही.

मी तिच्या मागे गेले. ती जिन्यात उभी होती, कठडा घट्ट धरून. "माझं प्रथिन," ती म्हणाली. "माझ्या हातात गाळ होतो आणि तिच्या हातात हिरे. माझ्याच हातचं, नाहिद! ते प्रथिनसुद्धा तिच्याकडे जाऊन आनंदाने उभं राहिलं!" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडली असती तर बरं झालं असतं. तिचा सगळा चेहराच आवळला होता, आणि मला तिची कीव आली आणि थोडी भीतीही वाटली.

बसबूसा तिने खाल्ली नाही. दुपारी मात्र ती माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "ते जरा जास्तच सुरेख आहेत. माझ्या जंताचं प्रथिन असं नाही. त्या माळेचं एक टोक मोकळं लोंबतं, घडीत बसतच नाही. असलं ओबडधोबड प्रथिन एवढे धारदार पैलू पाडेल?"

"मग काय आहे ते?"

"मीठ असेल कसलंतरी. सुईने टोचून बघितलं की कळेल. प्रथिनाच्या स्फटिकात निम्मं पाणी असतं, सुई लागली की तो चीजसारखा चुरतो. मिठाचा असेल तर कट् करून तुटतो, बोटाला कळतं."

"की तुला ते मीठ असावंसं वाटतंय?"

"तेच मला कळत नाही," ती म्हणाली. "माझं ज्ञान बोलतंय की माझं पोट दुखतंय, हे मला आत्ता वेगळं करता येत नाही. सगळं वेगळं करता येतं मला, हे नाही."

तिने शाहिनाझला विचारलं, एक स्फटिक टोचून बघू दे. शाहिनाझ पेटी छातीशी धरून म्हणाली, "नजर लावून झाली, दोक्तोरा, आता सुईही लावायची आहे का?" डॉक्टर गलालही वैतागले. "मोजके स्फटिक आहेत, आणि तू फोडायला निघालीस? तुला झालंय काय ते सगळ्यांना दिसतंय, इन्शिराह. घरी जा, आराम कर."

ती घरी गेली नाही. शाहिनाझच्या त्या मोठ्या बाटलीतून तिने नळीने थोडं खारट पाणी ओढलं आणि प्रथिन न घालता नुसतेच थेंब लावले. प्रथिनाशिवाय हिरे झाले तर ते प्रथिनाचे नव्हते, एवढं सरळ. आम्ही दोघींनी वाट बघितली. थेंब स्वच्छ राहिले. त्यात काहीच झालं नाही.

"म्हणजे माझं पोटच दुखत होतं," ती म्हणाली. ते थेंब तिने स्वतः धुतले. त्यानंतर आमच्या मजल्यावरून ती चालली की बोलणी थांबायची, आणि एकीने, जिचा साखरपुडा नुकताच झाला होता, तिला बघून अंगठीचा हात खिशात घातला. इन्शिराहने ते पाहिलं, आणि मी पाहिलं की तिने पाहिलं.

जॉर्डनला निघायच्या आदल्या दिवशी खोलीत आम्ही तिघीच होतो. शाहिनाझ प्रवासासाठी जास्तीचं खारट पाणी छोट्या बाटलीत काढून घेत होती. तिने मोठी बाटली उचलली आणि कलती केली. गळ्यातली पुरचुंडी लोंबत पुढे आली, बाटलीच्या तोंडाशी, आणि पाण्याची धार तिच्यावरूनच खाली गेली. फडकं भिजलं. थेंबाथेंबाने तुरटी छोट्या बाटलीत गेली. शाहिनाझने बाटली सरळ केली, पुरचुंडी पुन्हा गळ्याला चिकटून बसली.

इन्शिराह ताठ उठली. मला वाटलं, आता ओरडते. इतक्या दिवसांचं सगळं त्या एका क्षणात बाहेर काढायला तिला कुणाची आडकाठी नव्हती. तिने नळीने ओढलं होतं, शाहिनाझ ओतत होती, एवढाच फरक होता. त्या खारट पाण्यात तुरटी पडली की आठ पैलूंचे हिरे धरतात, आणि तुरटीचा स्फटिक असा असतो की ध्रुवित उजेडातही त्याचे रंग फुटत नाहीत. तिच्या चेहऱ्यावर आधी जे आलं तो निखळ आनंद होता. ते मी लपवणार नाही. तीही लपवत नव्हती.

मग ती म्हणाली, "नाहिद, दार लाव."

मी दार लावलं.

"शाहिनाझ, सुई घे. मी हात लावत नाही. तूच टोच."

"दोक्तोरा, उद्या मला—"

"म्हणूनच आज. उद्या तिथल्या लोकांसमोर टोचण्यापेक्षा आज आमच्यासमोर टोच. नाहिद झोपलीय असं समज."

तिच्या आवाजात असं काही होतं की शाहिनाझने सुई घेतली. ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. आवाज मला आला नाही, पण तिचे खांदे मी बघत होते. एक टोचला, दुसरा टोचला, तिसरा, आणि दर वेळी खांदे दचकले. मग तिने सुई खाली ठेवली. इन्शिराहने नुसतं बोटाने पुरचुंडीकडे दाखवलं. शाहिनाझ हुशार होती, पुढचं तिला सांगावं लागलं नाही. ती खुर्चीत बसली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली.

"आता काय सांगू मी? परदेशात शिकून आले, आणि तुरटीचे खडे घेऊन जॉर्डनला निघाले होते! सासूच्या तुरटीचे! सर मला ठेवतील का? लोक तर मरेपर्यंत हसतील."

"हसतील," इन्शिराह म्हणाली. मला दिसत होतं, त्या हसण्याची कल्पना तिला आवडत होती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग जणू तोंडातून दात उपटून काढावा तसं म्हणाली, "सांग, सकाळी बघितलं तर विरघळले होते. सांग, काल इन्शिराह बघून गेली. पुढचं लोक आपण होऊन म्हणतील."

"पण ते खोटं—"

"माझ्या नजरेवर सगळ्यांचा आधीच विश्वास आहे. तो एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडू दे. आणि ती पुरचुंडी काढ. माझी नजर पाण्यात विरघळत नाही."

तसंच झालं. डॉक्टर गलाल सगळ्यांसमोर तापमानाबद्दल बोलले, आणि मग आपल्या खोलीत शिरून पाच बोटं हवेत उभी धरली, ते मी काचेतून पाहिलं. दृष्टीला ती अशी दाखवतात. जॉर्डनची वेळ पुढे ढकलली गेली. इन्शिराहच्या टेबलावर निळे मणी दिसू लागले, कोण ठेवत होतं कुणास ठाऊक. ईदच्या गोड खाऊचा डबा फिरला तो तिच्या टेबलापर्यंत येईस्तोवर रिकामा झाला. उम्म बदावी तिच्याकडे पाठ करून फरशी पुसू लागली. इन्शिराह एक अक्षर बोलली नाही. माझ्याजवळ मात्र बोलली, "मला तिच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला, नाहिद. कशी मोकळी रडली ती."

त्या दिवसांत तिने एकच काम केलं. माळेचं ते लोंबणारं टोक तिने कापून टाकलं. जनुकाची आज्ञाच थोडी आखूड केली, म्हणजे जिवाणू मुळातच तेवढी छोटी माळ ओवतील. टोक गेलं, घडी तीच राहिली, आणि रेणूंना एकमेकांना टेकून उभं राहायला जागा झाली. नवं प्रथिन तिने पुन्हा मोजनळी डोळ्यांसमोर धरून निम्मं शाहिनाझला दिलं. आणि खरे स्फटिक आले. कुरूप, पिवळट, बारीक सुयांसारखे. शाहिनाझने एक टोचला, तो चीजसारखा चुरला. इन्शिराहच्या पेटीत पुन्हा गाळच होता. खरे स्फटिक शाहिनाझच्याच थेंबात आले.

शाहिनाझने पेटीवरचा कागद काढला आणि सगळ्यात आधी इन्शिराहला बोलावलं. इन्शिराहने बघितलं आणि म्हणाली, "फारच बारीक आहेत." पण तो आवाज मी वर्षानुवर्षं ओळखते. बारीक असले तरी तिला त्यांचाही हेवा वाटत होता.

"दोक्तोरा, जॉर्डनला तुम्ही जा," शाहिनाझ म्हणाली.

हे विभागाच्या बैठकीत निघालं, आणि डॉक्टर गलालांनी हात वर केले. "कोण? इन्शिराह? त्या डब्याशेजारी बसून, विमानात? नको बाबा. एकदा जळलंय आपलं." सगळ्यांनी खाली बघितलं. इन्शिराह माझ्या शेजारी होती. तिने आपली ओढणी सरळ केली, एवढंच.

शाहिनाझ उभी राहिली. "विरघळले नव्हते, सर," ती म्हणाली. "ती तुरटी होती. माझ्या पुरचुंडीची. ओतताना धारेत जात होती, आणि हे दोक्तोरा इन्शिराहच्या लक्षात आलं. त्यांनी मला वाचवायला स्वतःवर घेतलं." मग तिने सगळं सांगितलं, सुईचं, दार लावल्याचं, कोण काय बोललं तेही. उम्म बदावी दारात उभी राहून ऐकत होती, तिने ओढणीने डोळे पुसले आणि तो आनंदाचा लांबलचक आवाज काढला. खोलीत टाळ्या पडल्या. सगळे शाहिनाझकडे बघत होते. काय धीराची पोरगी, असं कुणीतरी म्हणालं, आणि डॉक्टर गलाल उठून तिच्याजवळ गेले.

इन्शिराह मला ओढत जिन्यात घेऊन गेली. तिने तोच कठडा धरला होता, आणि आता ती रडत होती, चांगली मोकळी, नाक वाहेपर्यंत.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आयुष्यात एकच चांगलं काम केलं होतं मी. कुणाला माहीत नव्हतं म्हणून ते पुरं माझं होतं. तेही नेलं तिने! टाळ्यासुद्धा तिलाच!"

जॉर्डनला शेवटी दोघी गेल्या, डॉक्टर गलालांनी कुठून तरी दुसरी जागा मिळवली. शाहिनाझने परत आल्यावर मला सांगितलं, की डबा प्रवासभर इन्शिराहच्या मांडीवर होता, आणि तिने तो एकदाही शाहिनाझला धरू दिला नाही. पडद्यावर पहिली खोबण उमटली तेव्हा इन्शिराहने ओठ हलवले. आवाज आला नाही, पण शाहिनाझ शपथेवर सांगते की त्या सकाळी न म्हटलेला तो शब्द तिने म्हटला.